केसपेपरवरची ओळ

‘पडलं असेल, नाहीतर पाडलं असेल. गरोदरपणाची चाचणी आता निगेटिव्हच येणार.’

कर्वेनगरातल्या दवाखान्यात डॉक्टरबाई हात धुता धुता हे बोलल्या. माझी धाकटी बहीण वैशाली तपासणीच्या टेबलावर बसून कुर्त्याच्या गुंड्या लावत होती. तेवीस वर्षांची. लग्न झालेलं नाही. तीन महिने पाळी नव्हती आणि छातीतून दूध येत होतं.

‘मॅडम, माझं कुणाशी तसलं काहीच नाही,’ वैशाली म्हणाली.

‘दूध यायला आधी काय व्हावं लागतं, ते शिकवायला मी इथे बसलेली नाही.’ मग माझ्याकडे वळून, ‘आडनाव काय म्हणालात? आणि राहता कुठे?’

मी आडनाव सांगितलं. वस्तीचं नाव सांगितलं.

‘हं. तुमच्याकडे हे चालतंच,’ त्या म्हणाल्या आणि केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं. अविवाहित. माहिती लपवते.

मी काय केलं? मान डोलावली. ‘घरी विचारते मी, मॅडम,’ म्हणाले. आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. बाईंवर कमी, स्वतःवर जास्त.

वस्तीतली पहिली फार्मसी शिकलेली मुलगी मी. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायचे. वैशाली कॉल सेंटरला. न्यायला कंपनीची गाडी यायची, सगळी वस्ती बघायची. शिकलो म्हणजे सुटलो, असं मला खरंच वाटत होतं. भाषा घासूनपुसून साफ केली होती. त्या ‘तुमच्याकडे’मध्ये मी नाही, हे बाईंना दाखवायचं होतं मला. त्यासाठी बहीण पुढे केली.

घरी आल्यावर दार लावून तिला धरलं. ‘कोण आहे तो? खरं सांग.’ ती नाही म्हणाली. मी तिची पर्स उपडी केली. मोबाइलमधले मेसेज वाचले. टीम लीडरचे शिफ्टचे, मैत्रिणीचे डब्याचे. दुसरं काही नव्हतंच. तरी थांबले नाही. ‘आईला कळलं तर जीव देईल ती,’ असंही म्हणाले.

वैशाली रडली नाही. म्हणाली, ‘ताई, तुझ्या गोळ्यांशिवाय मी बाहेरचं काही घेतलेलं नाही. झालं समाधान?’

तुझ्या गोळ्या.

रात्रपाळी, कॅन्टीनचं तेलकट खाणं. तिला जळजळ व्हायची, मळमळायचं. मी दुकानातून गोळ्या आणायचे. ऍसिडिटीची आणि मळमळीची अशी एकत्र गोळी. सगळेच देतात. डॉक्टरची चिठ्ठी लागते, पण विचारतं कोण? खोक्यातली पट्टी काढायची, कात्रीने कापून द्यायची, आतला बारीक अक्षरांचा कागद टोपलीत. वैशालीला पाच महिने रोज तीच देत होते. पट्टीवरचं नावसुद्धा कापलेलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात तो कागद उलगडून वाचला. गोळीतलं एक औषध डोपामिनला अडवतं. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला डोपामिन आवरून धरतं, तो आवर सुटतो. ग्रंथी प्रोलॅक्टिन जास्त सोडू लागते. बाळंतिणीचं संप्रेरक ते. बाळ नसताना दूध येतं, पाळी थांबते. हे मी शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

वैशालीचं रक्त तपासून घेतलं. प्रोलॅक्टिन भरमसाट वाढलेलं. गोळी बंद केली. हळूहळू दूध आटलं, पाळी आली. मग रिपोर्ट आणि तो कागद घेऊन मी एकटीच दवाखान्यात गेले.

बाईंनी वाचलं. ‘होतं असं कधी कधी. गोळ्या कोणी दिल्या होत्या?’

‘मी.’

‘मग?’ बाई हसल्या. ‘इथे कशाला आलात?’

घाव बरोबर बसला. खोटं काय होतं त्यात? पण या वेळी मान डोलावली नाही.

‘माझी चूक माझी आहे. कुठली औषधं चालू आहेत, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. आडनाव विचारलंत. तुमची ओळ खोडा.’

‘अहो, केसपेपरवर खाडाखोड करता येत नाही.’

‘मग खाली लिहा. औषधामुळे झालं होतं. पेशंटने काही लपवलं नव्हतं. सही करा.’

‘बाहेर लोक थांबलेत.’

‘थांबू देत. मीपण थांबते.’

मी खुर्चीतून हलले नाही. बाईंनी दोनदा घड्याळ बघितलं, मदतनीस बाईला हाक मारली. ती दारात आली आणि माझा चेहरा बघून तिथेच उभी राहिली. शेवटी बाईंनी लिहिलं. सही केली. मी झेरॉक्स मागितली, तीही दिली.

घरी जिंकल्यासारखी आले. झेरॉक्स वैशालीपुढे ठेवली. तिने वाचली आणि परत माझ्याकडे सरकवली.

‘मी कशी आहे ते मला माहीत होतं. कागद तुला लागला.’

काही महिन्यांनी ती कंपनीजवळ मैत्रिणींबरोबर राहायला गेली. सणाला येते, आईशी बोलते, माझ्याशी कामापुरतं. माफी मागून झाली. ती देत नाही, आणि तिने द्यावी म्हणून मी मागे लागत नाही. बाईंनी आम्हाला खाली ढकललं, हे मी चारचौघांत सांगते. पण त्या दिवशी जणू बाईंच्या खुर्चीत बसून माझ्या बहिणीकडे मीच बघत होते, हे त्याच्या आधी सांगते. त्या खुर्चीत मी पुन्हा बसणार नाही. आणि तिथे बसलेल्या कुणालाही सुखाने बसू देणार नाही.