मावशींच्या फोनातलं पानी

जगात ज्या ज्या वस्तू स्क्रू आवळून बंद केलेल्या आहेत, त्या माझ्या मावससासूबाईंनी उघडाव्यात एवढ्याचसाठी बंद केलेल्या आहेत, असं माझं लग्नापासूनचं मत आहे. मावशी माणिकपूरच्या एका शाळेत, प्रयोगशाळेत परिचर होत्या. काम बाटल्या धुण्याचं आणि उपकरणं मांडण्याचं, पण त्यांनी खोलून, पुसून पुन्हा जोडलं नाही असं एकही उपकरण त्या शाळेत उरलं नव्हतं. आमच्या लग्नात त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेही आतून बघूनच. ते आजही दहा मिनिटं पुढे चालतं आणि मावशींच्या मते बाकीचे सगळे मागे आहेत. एकदा दुकानात नवा मिक्सर घेताना त्यांनी पिशवीतून पेचकस काढला. दुकानदाराने घाईघाईने सांगितलं की खालचा स्टिकर फाटला तर वॉरंटी जाईल. मावशी शांतपणे म्हणाल्या, "वॉरंटी तुमच्यापाशी ठेवा, मिक्सर मना द्या."

अशा बाईच्या हाती स्मार्टफोन आला तेव्हा काहीतरी होणार हे मला ठाऊक होतं. फक्त भांडण स्क्रूवरून न होता एका अक्षरावरून झालं. मावशींचं गाव खाडीकडचं, भातशेतीचं. त्यांच्या घरच्या बोलीत 'ण' नाही. पानी, लोनी, कोन, आठवन. मावशींची मोठी बहीण, आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो, विरारला चंदनसारमध्ये मुलाकडे राहते. आक्कांना कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे दोघी बहिणींचं रोजचं बोलणं म्हणजे फोनवरचं लिहिणं. दोघी इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या आणि फोन त्याचं मराठी करून द्यायचा. मावशी पानी लिहायला जात आणि फोन पाणी करून ठेवी. त्या खोडत, फोन पुन्हा सुधारी. शाळेतल्या बाईंनी लहानपणी केलं तेच आता खिशातलं यंत्र करतंय, असं म्हणून त्या संतापत. "आक्काशी मी पाणी कदी बोलले नाय," त्या मला म्हणाल्या, "मग लिवू कशी?"

मी सातिवलीच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात ऑफिसातलं संगणकाचं काम बघतो. सहज बोलून गेलो की तुमचा फोन खुल्या जातीचा आहे, त्यात दुसरा कीबोर्ड घालता येतो. काही भल्या लोकांनी एक कीबोर्ड फुकट वाटलाय, त्याची आतली शब्दांची यादीसुद्धा कुणालाही बदलता येते. या एका वाक्यापायी माझे पुढच्या आठ महिन्यांचे रविवार गेले. मावशींनी शाळेचं एक कोरं हजेरीपुस्तक काढलं आणि गावभर फिरून शब्द गोळा केले. मिठागरात काम केलेल्या म्हाताऱ्यांना त्या ओट्यावर बसवून बोलतं करायच्या आणि मध्येच एखाद्या शब्दावर हात वर करून थांबवायच्या. मी इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांना विचारत विचारत ते शब्द कीबोर्डात घातले. शेवटी त्या कीबोर्डाची एक फाइल तयार झाली. ती फोनवर उघडली की फोन इशारा द्यायचा, ही अनोळखी ठिकाणाहून आली आहे, तुमचं नुकसान होऊ शकतं. मावशींना तो इशारा जिव्हारी लागला. मी अनोळखी कशी, माझं सगळं आयुष्य याच गावात गेलं, असं त्या फोनलाच ऐकवत आणि 'परवानगी द्या' दाबत. मग ती फाइल आक्कांना गेली, गावातल्या बायकांना गेली, आणि ज्यांनी जन्मात नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं त्या बायका चार चार ओळी लिहू लागल्या.

आणि मग आक्कांना एक लग्नपत्रिका आली. तीही फाइलच होती. उघडताना फोनने तसाच इशारा दिला. आक्कांनी बहिणीने शिकवल्याप्रमाणे 'परवानगी द्या' दाबलं. तासाभरात आक्कांच्या नावाने साऱ्या नातेवाइकांना भलतेसलते निरोप जायला लागले. आक्का घाबरून दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांच्या मुलाने तो फोन कपाटात टाकला आणि आईला बंद जातीचा, महागातला फोन आणून दिला. त्यात कंपनीच्या, फोनमधल्याच दुकानातून तपासून आलेलं असेल तेवढंच शिरतं. मावशींचा कीबोर्ड शिरेना.

मावशी मला घेऊन तडक माणिकपूरच्या त्या फोनच्या शोरूममध्ये गेल्या. काउंटरवरची मुलगी समजूतदार होती. तिने नीट सांगितलं की हा कीबोर्ड कंपनीच्या दुकानात ठेवायचा तर खातं काढायचं, दरवर्षी फी भरायची, मग ते तपासतील आणि पटलं तर ठेवतील. हे सगळं तुमच्याच सुरक्षेसाठी असतं. मावशींनी विचारलं, "कुलूप चांगलं हाय पोरी. पन फोन आमी घेतला, मग चावी कोनाकडं?"

"चावी कंपनीकडेच असते, मावशी," मुलगी म्हणाली. तिला स्वतःलाही ते वाक्य बोलल्यावर जरा चमत्कारिक वाटलं असावं, कारण तिने आम्हाला पाणी विचारलं.

त्यानंतर बहिणींचं बोलणं अडलं. नव्या फोनवरून आक्कांचे निरोप यायचे ते छापील मराठीत. मुलाने आपोआप सुधारणं बंद करून दिलं, तरी इंग्रजी अक्षरांतून मराठी होताना शब्द पुस्तकातलेच उमटायचे, आणि एकेक अक्षर शोधून टाइप करणं आक्कांच्या बोटांना जमत नव्हतं. 'तू कशी आहेस? मला तुझी आठवण येते.' मावशी वाचायच्या आणि फोन पालथा ठेवायच्या. हे आक्का बोलत नाही, तो फोन बोलतो, असं त्यांचं म्हणणं. तीन आठवडे त्यांनी बहिणीला उत्तर दिलं नाही. मला हा हट्ट वाटला आणि मी तसं बोललोही. शिवाय तुमच्या भाच्याची काय चूक, आई जेवत नाही म्हटल्यावर कुठला मुलगा दुसरं काय करेल, असंही म्हणालो. मावशींनी पालथा फोन सुलटा केला. मग म्हणाल्या, "चूक माजी हाय, जावई. मी तिला दार उघडायला शिकवलं. बाहेर कोन उभा हाय ते बघायला नाय शिकवलं."

दुसऱ्या दिवसापासून मावशी चंदनसारला जायला लागल्या. महिनाभर, एक दिवसाआड. कपाटातला जुना फोन भाच्याकडून पुसून कोरा करून घेतला आणि आक्कांना समोर बसवून परीक्षा घेतल्या. कुठली फाइल कुणाकडून आली, ते माणूस ओळखीचं का, खात्री नसेल तर त्याला विचारलं का. ऐकू येत नसल्याने सगळं वहीवर लिहून. आक्का दोनदा नापास झाल्या. भाचा दाराशी उभा राहून बघायचा, आधी कपाळाला आठ्या घालून, नंतर हसत. शेवटी त्यानेच जुना फोन, मावशींचा कीबोर्ड घालून, आईच्या हातात दिला. महागडा आता तो स्वतः वापरतो आणि त्यात सुखी आहे.

परवा मी मावशींना सांगितलं की खुल्या फोनवालेही आता नियम करणार म्हणतात, फाइल बनवणाऱ्याने आधी आपलं नाव आणि कागदपत्रं त्यांच्याकडे नोंदवायची. मला वाटलं त्या भडकतील. त्या फक्त म्हणाल्या, "नाव विचारलं तर सांगू. पन माज्या बहिनीशी बोलायची परवानगी मी कोनाला मागनार नाय." मग चष्मा लावून हजेरीपुस्तकात राहिलेले शब्द लिहायला बसल्या. शब्द सांगणाऱ्यांपैकी दोघीजणी आता राहिल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात ऑफिसात असताना माझ्या बायकोचा एक निरोप आला. 'मावशे, जेवलीस का? पानी उकळून पी. मना तुजी लय आठवन येते.' मावशींना पाठवायचा तो चुकून मला आला होता. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. मी घाटावरचा, म्हणून ती पहिल्या दिवसापासून माझ्याशी शाळेतलं मराठी बोलते, आणि आठ महिने मावशींचे शब्द कीबोर्डात घालतानाही मला कधी वाटलं नाही की तिच्याजवळ दुसरं काही आहे. मी तो निरोप बऱ्याच वेळा वाचला. मग मावशींची फाइल माझ्याही फोनवर घेतली, इशाऱ्याला 'परवानगी द्या' म्हटलं आणि तिला तिच्या बोलीत उत्तर लिहायला बसलो. पहिला शब्द फोनने बरोबर सुचवला. त्याच्या पुढे सुचवलेल्यांतला कोणता घ्यायचा, ते मला कळेना.