ढाब्यावरचे नवे ट्रक

डिझेलचा वास आला की इचोड्याचा ढाबा आठवतो. नव्वदच्या दशकात गावोगावी फायनान्स कंपन्या निघाल्या होत्या. घरासाठी जमवलेले आमचे पैसे पोस्टातून काढून तशाच एका कंपनीच्या रोख्यांत टाकावेत, असा मेव्हण्याचा आग्रह होता. "भाऊजी, पोस्टाच्या दुप्पट व्याज! तुमी काऊन भिऊन राह्यले?" कंपनी पैसे कुठे लावते, मी विचारले. "ट्रकवाल्याइले कर्ज देते." ढाब्यासमोर बाभळीखाली त्याच कंपनीचे नाव रंगवलेले नवेकोरे ट्रक भाड्याविना उभे होते. चाकांभोवती गवत वाढले होते. मी म्हणालो, "हे फिरतच नाहीत, तर व्याज येईल कुठून?" मी पैसे पोस्टातच ठेवले. वर्षभरात कंपनीला कुलूप लागले. आज त्याच पैशांच्या घरात, ओसरीवर, आम्ही दोघे चहा पितो. तो मला अजून भित्राच म्हणतो.