भिंतीनं शिकवलेली मोजणी

टिवोंगे महांगो जन्मांध होती. तरी उत्तर मलावीत, सरोवराकाठच्या अकरा गावांत घराघरातलं तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ती फिरती शिक्षिका. ज्या मुलांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचे पाय चालत नाहीत, त्यांना हुडकून शाळेत आणायचं हे तिचं काम. सायकलवर भाड्यानं माणसं नेणाऱ्या लुसेकेलोच्या मागे बसून ती हिंडायची. ब्रेलसाठी जाड कागद मिळत नसे, म्हणून लोकांकडून जुनी कॅलेंडरं मागून न्यायची. "न्यामहांगो आली गं, भिंतीवरचं वर्ष लपवा!" असं बायका तिला कुळाच्या नावानं हाकारत चिडवायच्या.

त्या वर्षी कसाव्याचे कंद वाळत घालायच्या दिवसांत ती चिलुंगा गावात गेली. "आमच्यात तसलं पोर नाही," मुखियानं तिला दारातूनच वाटेला लावलं. दुपार भरात आली होती. लुसेकेलो पाणी प्यायला गेला आणि टिवोंगे सावलीला म्हणून एका बंद मातीच्या खोलीला पाठ टेकून उभी राहिली.

भिंत आतून वाजली. टक, टक, टक.

तिनं वळून तळहात टेकवला. पुन्हा तीन. तिनं बोटाच्या पेरानं तीन ठोके परत दिले. मग आतून चार आले. तिनं पाच दिले. आतून सहा.

"कोण आहे आत?"

उत्तर नाही. तिनं ओरडून विचारलं, तरी नाही. थोड्या वेळानं, कसलीच घाई नसल्यासारखे, पुन्हा तीन ठोके. टिवोंगेनं हात तसाच टेकवून ठेवला.

लुसेकेलो धावत आला. "हात काढा, बाई! न्यागोंड्वेच्या सासूची खोली आहे ती. म्हातारी जाऊन चार वर्षं झाली. तीच ठोकते म्हणतात."

"मेल्यावर बेरीज शिकली होय रे?" टिवोंगे म्हणाली. चाचपडत ती दाराशी गेली. दाराची दोरी हाताळून गुळगुळीत झाली होती.

मागून पावलं आली. "आत काही नाही, न्यामहांगो," न्यागोंड्वे धापा टाकत म्हणाली. "सासूबाईंचं सामान पडलंय."

"सासूबाईंना रोज उसिपा लागतो वाटतं? दोरीला ताज्या मासळीचा वास येतोय."

न्यागोंड्वे मटकन खाली बसली. "उघडलं तर गाव मला चेटकीण ठरवेल, बाई."

तिची मुलगी सुझगो सहा वर्षांची असताना तापानं फणफणली. ताप गेला तो डोळे आणि कान घेऊन गेला. त्याच आठवड्यात सासू वारली. गावात कुजबुज सुरू झाली: खरी पोर चेटक्यांनी नेली, हे मागे ठेवलंय ते नुसतं टरफल. न्यागोंड्वेनं पोरीला मावशीकडे धाडल्याचं सांगितलं आणि तिला या खोलीत ठेवलं. हे सांगताना ती रडत नव्हती. टिवोंगेला तेच जास्त लागलं.

दार उघडलं. आतून एक गार हात आला. तो टिवोंगेच्या चेहऱ्यावरून फिरला, मिटलेल्या डोळ्यांवर थांबला, आणि मग तिच्या कपाळावर हलकेच तीन वेळा वाजला.

टिवोंगे तशीच मुखियाकडे गेली. "पोर नाही म्हणालात ना? आता आहे. आणि तिच्या आईला कुणी शब्दानं बोललं, तर मी रोज इथं येऊन बसेन." ती खरोखर महिनाभर येऊन बसली.

शाळेत अशा मुलांसाठी असलेल्या खास खोलीत सुझगोचं शिक्षण तळहातावर सुरू झालं. ब्रेलचे सहा ठिपके, दाबून दाबून. शेजारी न्यागोंड्वेही शिकायला बसे. सात महिन्यांनी सुझगोनं आईच्या हातावर पहिला शब्द दाबला, 'अमामा', म्हणजे आई. तेव्हा मात्र न्यागोंड्वे रडली.

चौथ्या वर्षी सुझगो ब्रेलच्या यंत्रावर सफाईनं लिहू लागली. एकदा टिवोंगेनं तिच्या हातावर विचारलं, "मोजायला कुणी शिकवलं गं?"

खडखड करत कागद बाहेर आला. टिवोंगेनं बोट फिरवलं. "भिंतीनं. ऊन तापलं की बाहेर कुणीतरी टेकायचं, भिंतीला हात लावला की कळायचं. मी वाजवीन त्याहून एक जास्त वाजवायचं. रोज."

"आणि मी आले तेव्हा?"

"मी तीन दिले, तू तीनच दिलेस. म्हणून कळलं की ही दुसरी कुणीतरी आहे. मग मीच तुला खेळ शिकवला."

टिवोंगेचं बोट त्या ओळीवरच थांबलं. त्या भिंतीला रोज कोण टेकायचं, असं तिनं न्यागोंड्वेला विचारलं. ती म्हणाली, "मी ठोकलं असतं तर लोकांना कळलं नसतं का?" मुखियाला विचारलं, वाळवणाशी बसणाऱ्या बायकांना विचारलं. "त्या भिंतीला कोण टेकणार, बाई?" त्या म्हणाल्या. "आमच्या बकऱ्यासुद्धा तिकडून जात नव्हत्या."

सुझगो आठवीची परीक्षा दुप्पट वेळ घेऊन पास झाली. आता ती शाळेतल्या त्याच खास खोलीत लहान मुलांच्या हातावर ठिपके दाबते. टिवोंगे निवृत्त झाली. जाताना तिनं आपली ब्रेलची नोंदवही शाळेत जमा केली. त्यात सुझगोच्या नावापुढे 'कुणी शिकवलं' असा रकाना आहे. तिथं टिवोंगेनं आपलं नाव दुसऱ्या ओळीत उमटवलं आहे. पहिली ओळ तिनं कोरी सोडली.