समुद्राच्या गाळात तांबडी माती

"पूर! अरे पूर आला! पूर आला बघा की रं!"

ओरडत होते आमचे सर. सरांचा आवाज असा की ते आमच्या प्रयोगशाळेत शिंकले तर तिकडं राजारामपुरीत दुकानांची शटरं आपोआप खाली येतात. मार्च महिना होता. आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख. पंचगंगेत म्हशीला बसायला पाणी पुरत नव्हतं. पण कोल्हापुरात हा शब्द कानावर पडला की कुणी कॅलेंडर बघायला जात नाही. शिपाईमामांनी हातातला चहाचा ट्रे होता तिथं सोडला, जिना एका उडीत उतरले आणि आपली मोटारसायकल ढकलत पायऱ्यांवरून पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात आणून उभी केली. शेजारच्या विभागातल्या बाईंनी घरी फोन करून धान्याची पोती माळ्यावर चढवायला सांगितली. एक जण तर जो पळाला तो म्हणे पन्हाळ्यावर जाऊनच थांबला. मी टेबलावर चढलेला होतो, पण तो वरच्या फळीवरची बाटली काढायला. मी तेव्हाही सगळ्यांना हेच सांगितलं.

जागची हलली नाही ती फक्त अक्का. अक्का म्हणजे आमच्याकडं पीएच.डी. करणारी मुलगी. शिरोळकडची, घरी अर्धं मराठी अर्धं कानडी, त्यामुळं सरांपासून मामांपर्यंत सगळ्यांचीच ती अक्का. तिनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं,

"कुठल्या शतकातला, सर?"

कारण सरांचे डोळे मायक्रोस्कोपला लावलेले होते.

आता कोल्हापुरात समुद्राचा काय संबंध, असं विचारणाऱ्या पावण्यांना मी एकच उत्तर देतो: समुद्र न्हाय म्हणूनच त्याचा गाळ मागवावा लागतो. अक्काच्या घरात कृष्णा बऱ्याच वेळा येऊन बसलेली. कधी उंबऱ्यापर्यंत, कधी फोटोंच्या खिळ्यापर्यंत. दर वेळी गावातली म्हातारी माणसं म्हणायची, ह्याच्याहून मोठा आमच्या पणजोबाच्या वक्ताला आलता. अक्काला लहानपणापासून एकच खाज: आलता म्हणजे किती, आणि त्याच्या आधी? विचारणार कुणाला? तर कृष्णेलाच. कृष्णा आमच्याकडची माती खरडून नेते ती पार पूर्वेच्या समुद्रात, बंगालच्या उपसागरात नेऊन टाकते. तिथं ती थरावर थर बसते. मोठा पूर आला की थर जाड आणि भरड, नुसताच पावसाळा गेला की बारीक. समुद्राच्या तळात नळी ठोकून ती माती तशीच्या तशी वर काढली की झाली नदीची जन्मकुंडली. अशी एक नळी किनाऱ्यावरच्या एका संस्थेनं बोटीवरून काढली होती आणि अक्कानं त्यांच्या वर्षभर मागं लागून तिचा एक तुकडा मिळवला होता. तिचा अख्खा प्रबंध त्या हातभर चिखलावर उभा होता. चिखल संपला की प्रबंध संपला, दुसरा मिळणार नव्हता.

तो तुकडा बर्फाच्या पेटीतून आला तेव्हा मामा म्हणाले, "मासं आल्यात काय?" वास तसा नव्हता. वास होता नासक्या अंड्यांचा, आणि तोसुद्धा एखाद्या अजस्र कोंबडीच्या. सरांनी मात्र अत्तर हुंगावं तसं डोळे मिटून हुंगला आणि म्हणाले, "वा! हवा लागली न्हाय ह्याला."

मग सुरू झालं आमचं काम. नळी आधी करवतीनं दोन बाजूंनी चिरली, मग साबणाची लादी कापतात तसा आतला गाळ तारेनं उभा कापला. एक अर्धा भाग कामाचा. दुसरा राखीव: तो प्लास्टिकात गुंडाळून थंड खोलीत ठेवायचा आणि नळी देणाऱ्या संस्थेची परवानगी असल्याशिवाय त्याच्याकडं बघून शिंकायचंसुद्धा नाही. कामाच्या भागाचा रंग अक्का रंगाच्या तक्त्याशी लावून बघायची. मला सगळा चिखल म्हशीच्या रंगाचा दिसायचा, तिला त्यात हिरवट राखाडी, काळसर राखाडी आणि त्याहून जरा रुसलेला राखाडी असे भाऊबंद दिसायचे. मग सेंटिमीटर सेंटिमीटरच्या चकत्या. प्रत्येक चकती ओली वजन करायची, मंद ओव्हनमध्ये सुकवायची, पुन्हा वजन करायची. मग सोड्याच्या पाण्यात भिजत टाकायची म्हणजे मातीच्या गुठळ्या सुटतात. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की कुजलेलं सगळं जळतं आणि गुळाच्या काहिलीला उकळी फुटावी तसा फेस चढतो. पहिल्या दिवशी तो फेस बीकर ओलांडून, टेबल ओलांडून दारापर्यंत गेला आणि मामांनी त्याच्यावर झाडू उगारला, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन.

त्यानंतर चाळण्या, म्हणजे माझं खातं. वर जरा मोठ्या भोकांची, खाली केसाहूनही बारीक जाळीची. वरून पाण्याची धार. चिकणमाती खाली काचेच्या उंच नळकांड्यात जाते. तिथं ती ढवळून ठेवायची आणि कोणता कण किती वेळात खाली बसतो त्यावरून त्याचा आकार काढायचा. तेवढा वेळ खोलीत दार आपटायचं नाही आणि सरांनी बोलायचं नाही. सगळ्यात अवघड प्रयोग हाच. चाळणीवर उरतात वाळूचे कण आणि समुद्री जिवांची इवली इवली कवचं. ती मायक्रोस्कोपखाली ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक उचलायची. राजारामपुरीतल्या दुकानात जाऊन मी सगळ्यात बारीक कुंचला मागितला तर दुकानदार म्हणाला, "मुंगीचं चित्र काढायचंय व्हय?"

आणि प्रत्येक नमुना झाला की चाळणी निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायची. जाळीत मागच्या नमुन्याचं एखादं कवच अडकून राहिलं असेल तर ते निळं होतं. पुढच्या नमुन्यात निळं काही दिसलं की समजायचं, हा उपरा आहे, काढ बाजूला. आम्ही त्याला नीळ म्हणायचो. माझे हात सहा महिने निळे होते, लग्नाच्या पंगतीत माणसं माझ्या शेजारी बसत नसत.

तर सरांना ओरडायला लावणारा, सोमवारी चाळलेला तो नमुना. तळाकडची चकती, अक्काच्या हिशोबानं तिथं काही तरी मोठं असायला हवं होतं. आणि राखाडी गाळात, त्या निळ्या नसलेल्या, पांढऱ्या कवचांच्या गर्दीत, सरांना दिसले तांबडे कण. ढिगानं.

"तांबडी माती!" सर टेबलावर मूठ आपटून म्हणाले. "ही कृष्णेच्या काळ्या रानातली न्हाय. ही वरची, घाटमाथ्याची! पन्हाळ्याच्या अंगाची! केवढा पूर आला असंल अक्का, डोंगर धुऊन निघाला असंल! पंचगंगेनं उचलली, कृष्णेच्या पदरात टाकली आणि कृष्णेनं ती समुद्रात नेली. कोल्हापूरची माती हाय ही, मी वासावर सांगतो!"

पुढच्या महिन्यात पुण्याला मोठं चर्चासत्र होतं. सरांनी तिथं फोन लावून अक्काच्या निबंधाचं नाव बदलायला सांगितलंसुद्धा. मामांना पेढे आणायला पाठवलं. मामा मोटारसायकल पायऱ्यांवरून खाली उतरवत होते, त्याला वेळ लागला.

अक्का मात्र नळकांड्याकडं बघत बसली होती. मी म्हटलं, "अक्का, तुझा पूर सापडला आणि तू तोंड पाडून बसलीस?"

"एवढा मोठा पूर," ती म्हणाली, "आणि बारीक मातीच्या नळकांड्यात त्याचा पत्ता न्हाय. पूर काय नुसतं तांबडं खडं घिऊन येतोय? चिखल कुठं गेला त्याचा?"

ती उठून नळकांड्यापाशी गेली. मीही गेलो. पाण्यावर काही तरी चमकत होतं. इंद्रधनुष्यी, पातळ, तेलाचा तवंग.

मी तर हवेतच गेलो. "तेल! अक्का, तेल लागलं! समुद्राखाली तेलच असतंय!" दाराशी पेढे घेऊन आलेले मामा तिथंच थबकले आणि म्हणाले, "कॅन आणू काय?" पाचच मिनिटांत आम्ही दोघांनी विभागासमोर मनातल्या मनात पेट्रोलपंप काढला होता, मामा नळी धरणार होते आणि मी पैसे घेणार होतो.

अक्कानं आमच्याकडं बघितलंही नाही. तिनं माझी वरची चाळणी उचलली, उजेडाला धरली, तिच्यावर नुसतं शुद्ध पाणी ओतलं आणि खाली आलेलं पाणी बशीत घेतलं. बशी मायक्रोस्कोपखाली सरकवली. बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाली, "बघ."

नमुना नव्हताच, नुसतं पाणी होतं. तरी बशीत तांबडे कण होते.

"निळे न्हाईत," मी म्हटलं. "मी शनिवारी बुडवलीया चाळणी. स्वतः, ह्या हातांनी." आणि पुरावा म्हणून हात दाखवले.

"शनिवारनंतर आल्यात म्हणून निळे न्हाईत." तिनं कुंचल्यानं एक कण कोरड्या काचेवर घेतला. जवळून बघितलं तर तो नुसता तांबडा नव्हता, अंगावर पिवळा लेप होता. तिनं शेजारच्या बाटलीतलं सोड्याचं पाणी थेंबभर त्यावर सोडलं. पिवळा लेप डोळ्यांदेखत लाल झाला. कुंकवासारखा लाल.

ह्यासाठी पीएच.डी. लागत नाही. हळदीवर साबणाचं पाणी पडलं की काय होतं हे लग्नघरातली भांडी घासलेल्या कुणालाही माहीत असतं.

"हळद," अक्का म्हणाली.

"तांबडी माती, हळद आणि तेल," मी म्हटलं.

बाकी जगात ह्या तिन्हींची बेरीज कुणाला करता आली नसती. कोल्हापुरात ती शाळेच्या आधी येते. कुस्तीच्या हौद्यात नवी माती टाकली की तिच्यात तेल, हळद, ताक आणि लिंबू घालून ती मळतात. मी, अक्का आणि मामा, तिघांनी एकाच वेळी मान वळवली आणि सरांच्या कानांकडं बघितलं. सरांचे कान तरुणपणी शिवाजी पेठेतल्या तालमीत असे काही मोडलेत की लांबून कुणाला वाटावं डोक्याला दोन भजी चिकटलीत.

सर पेढा तोंडात घालणार होते. तो हात तिथंच थांबला.

"काय झालं?"

"सर," अक्का म्हणाली, "वरची चाळणी रविवारी कुठं गेलती?"

सरांचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा लहान झालेला ऐकला. "तालमीत नवी माती टाकली... वस्ताद म्हणालं, खडं लय हाईत, पोरांच्या पाठी सोलायल्यात. म्हटलं आमच्याकडं चाळणी हाय चांगली. एकदाच नेलती की. ताक-लिंबू पडायच्या आधीच काढून घेतली. सोमवारी सकाळी स्कूटरवरनं आणून खिळ्याला लावली. धुऊन आणलीया, अक्का. दोनदा."

हेच सर आम्हाला प्रयोगशाळेत लोकरीचा स्वेटर घालू देत नसत, धागा पडतो म्हणून. मामांना तंबाखू मळायला गेटच्या बाहेर पाठवत.

म्हणजे सरांनी वासावर सांगितलं ते खरंच होतं, माती कोल्हापूरचीच होती. फक्त तिला पुरानं नेलं नव्हतं, ती स्कूटरवरनं आली होती.

मला हसू फुटलं होतं, पण अक्काकडं बघितलं आणि गिळलं. ती बशीकडं बघत उभी होती. कामाच्या अर्ध्या भागातली तळाची चकती सगळीच्या सगळी भिजवून, जाळून, चाळून झालेली. आता तिच्यात खरा पूर असता तरी तो आमच्या हौद्याच्या मातीत मिसळलेला होता. उरला होता फक्त राखीव भाग. आणि त्याला हात लावायचा तर ज्यांनी नळी दिली त्यांना कारण सांगावं लागणार होतं.

"मी करतो फोन," मी म्हटलं. "सांगतो, ओव्हन बिघडला. भूकंप झाला म्हणून सांगतो, थोडासा."

"न्हाय," सर म्हणाले. "माझा मी करतो."

त्यांनी दार लावून घेतलं नाही. आम्हाला सगळं ऐकू येत होतं, कारण त्या दिवशी कोल्हापुरात दुसरा आवाजच नव्हता. "चाळणी मी नेलती," ते म्हणाले. "तालमीत. कुस्तीच्या. व्हय... न्हाय, मुलीची काय चूक न्हाय. माझी हाय." मग हसण्याचा आवाज आला, फोनमधून थेट आमच्या टेबलापर्यंत. सर ऐकत उभे राहिले. सगळं हसणं ऐकून घेतलं. मग पुण्याला फोन लावला आणि निबंधाचं जुनं नाव परत ठेवायला सांगितलं.

परवानगी आली. बोटाच्या पेराएवढ्या एका चकतीची, एकदाच.

ह्या वेळी अक्कानं चाळणी धरायला मला दिली नाही. चाळणी आधी निळीत, मग पाण्यात, मग ते पाणी बशीत घेऊन तपासून, मग पुन्हा निळीत. नळकांड्यात गाळ बसत होता तेव्हा तिनं सगळ्यांना बाहेर काढलं. सर व्हरांड्यात मामांच्या मोटारसायकलीच्या जागेवर उभे होते आणि आत डोकावत होते. ओरडत नव्हते. एवढा वेळ गप्प राहून त्यांचं वजन उतरलं असेल.

अक्का संध्याकाळी मायक्रोस्कोपला बसली. कुंचला ओठांनी ओला करायची, उचलायची, ठेवायची. शेवटी सरांना राहवेना. ते दारातून आत आले, चपला बाहेर काढून आले, आणि अगदी हळू विचारलं,

"अक्का, मग पूर हाय का न्हाय?"

तिनं डोळा वर केला नाही.

"हाय, सर. बारका हाय."