वाघजाईचे तीन बार

येसाजी धाडवेनं तेहतीस वर्षं माणगावच्या बाजूला दगडखाणीत सुरुंग भरले आणि दहाही बोटं शाबूत घेऊन तो गावी परत आला. खाणीतले लोक याला नशीब म्हणत. येसाजी म्हणे, नशीब आळशाला लागतं. दारू कोरडी ठेवायची, माप मोडायचं नाही, चुकलेल्या सुरुंगाजवळ वेळेआधी जायचं नाही. यात नशिबाचा संबंध कुठं येतो?

बोर्ली पंचतनच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत त्याचं गाव. उंबरे सत्तर, त्यातले चाळीस कुलूपबंद. शिमग्याला मात्र सगळी कुलपं उघडतात. वाघजाईची पालखी सहाणेवरून, म्हणजे ती ठेवायच्या चौथऱ्यावरून उठते, त्या वेळी देवीला तीन बार द्यायचे, हा मान धाडव्यांचा. शेतीरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक गावात एकच उरली आहे आणि ती येसाजीच्या घरात आहे. बाराला छर्रा घालत नाहीत. दारू, वर चिंधीचा बोळा आणि घोड्याखाली केप, एवढंच. केप म्हणजे तांब्याची इवलीशी टोपी. घोडा तिच्यावर पडला की तिची ठिणगी नळीत जाते आणि बार उडतो. टोपी फुसकी निघाली तर हातात साडेचार फुटांची काठी उरते.

पणजोबापासून चार पिढ्या हा मान चुकलेला नाही. खाणीचा मुकादम शिमग्याला सुट्टी देत नसे. येसाजी तीन दिवसांचा पगार सोडून येई. बार देऊन परत जाई.

यंदा माघात गावकीची बैठक बसली. मुंबईकर मंडळाचा अध्यक्ष विनेश खास गाडी घेऊन आला होता. हरिहरेश्वरला त्याच्या तीन खोल्या आहेत. त्या तो पर्यटकांना भाड्यानं देतो आणि चादरी बदलायलासुद्धा बाई ठेवतो. असा माणूस कामाबद्दल बोलू लागला की येसाजी छपराकडे बघत बसे.

"काका, गेल्या वर्षी तुमचा दुसरा बार लेट झाला," विनेश म्हणाला. "व्हिडिओमधे सगळी गॅप दिसते. लोक विचारतात, बंदूक खराब हाय का?"

"बंदूक न्हाय. केप फुसकी होती. हल्ली दहात एक तशीच येते."

"तेच म्हणतो मी. दारू मिळत न्हाय, केपा मिळत न्हाईत, तुमचं वय झालं. नियम करून टाकू. पालखी खांद्यावर हाय तोवर तीन बार झाले पाहिजेत. न्हाय झाले तर मान दुसऱ्या घरात. बराबर ना, कोंडाजी दादा?"

कोंडाजी म्हणजे गावकीचा पुढारी. उभ्या जन्मात त्यानं कुणाला नाही म्हटलेलं नाही. त्यानं विनेशकडे पाहिलं, मग येसाजीकडे पाहिलं आणि तंबाखू मळायला घेतली. त्याला उत्तर द्यायचं नसलं की तो तंबाखू मळतो.

"कबूल," येसाजी म्हणाला.

घरी आल्यावर बायकोनं, आवडाबाईनं विचारलं, "कबूल कशाला म्हणालात?"

"खरं तेच बोलला तो. तीन बार म्हणजे तीन."

डबीत केपा उरल्या होत्या तीन. पावसाळ्यात भातात डुकरं शिरली, त्यांना हुसकायला बाकीच्या गेल्या. दारू तर संपलीच होती. म्हणून येसाजी परवान्याची वही घेऊन माणगावला परवानाधारक दुकानात गेला. पहिल्या खेपेला दुकानावर जेवणाच्या सुट्टीची पाटी होती. घड्याळात अकरा वाजले होते. दुसऱ्या खेपेला दुकानदार जागेवर होता, पण त्याला परवान्याच्या नूतनीकरणाच्या पानाची झेरॉक्स हवी होती आणि झेरॉक्सवाल्याकडे वीज नव्हती. तिसऱ्या खेपेला पाव किलो दारू मिळाली. तिची जी किंमत त्यानं सांगितली, तेवढ्यात येसाजीच्या बापानं आख्खी बंदूक घेतली होती.

"आणि केपा?"

"नाहीत. वरूनच येत नाहीत."

"वरून म्हणजे कुठून?"

"वरून," दुकानदारानं छताकडे बोट केलं. "आल्या तरी काका, एक केप अंड्याच्या भावात पडेल. कोण वापरतं आता ठासणीची? काडतुसाची घ्या की."

"तू देतोस?"

दुकानदार मोबाइल बघू लागला. सकाळपासून त्यानं केलेलं ते पहिलंच काम असावं.

दारू घेऊन एस.टी.त चढायचं नाही, हा नियम कंडक्टरला ठाऊक नव्हता. येसाजीला होता. तो गावातल्या कान्हाच्या रिकाम्या टेम्पोत मागं बसला. डबा लाकडी पेटीत, पेटी मांडीवर. म्हसळ्याला पोचता पोचता कान्हानं विडी शिलगावली.

"विझव ती."

"काका, मी पुढं, तुम्ही मागं. मधी पत्रा हाय."

"धूर मागं येतो, तर ठिणगीला काय तिकीट लागतं?"

"दोन झुरके मारतो फक्त."

"मग थांबव. मी उतरतो."

कान्हा हसत निघून गेला. येसाजी तिथून तीन तास चालत घरी आला. दारूचा डबा त्यानं चुलीपासून लांब, माजघराच्या पलीकडच्या खोलीत कोरड्या फळीवर ठेवला. केपांची डबी दुसऱ्या खोलीत. दोन्ही एकत्र ठेवणाऱ्यांची घरं त्यानं खाणीच्या वस्तीत पाहिली होती. म्हणजे घरं नव्हेत, जोती.

पुढच्या पंधरा दिवसांत त्यानं दोनदा दुकानात फोन करवला. केपा आल्या नाहीत. तेव्हा शिल्लक अशी काही नव्हतीच. तीन केपा, तीन बार. एक जरी फुसकी निघाली तरी मान गेला.

पालखीच्या दिवशी दुपारी चार वाजता येसाजी कातळावर गेला. पोलीस ठाण्याचं परवानगीचं पत्र खिशात होतं. जागा ठरलेली, सहाणेपासून दीडशे पावलं, नळीचं तोंड खाडीच्या दिशेला, समोर माणूस नाही की जनावर नाही. आपल्याभोवती त्यानं चुन्याची रेघ ओढली. रेघेच्या आत कुणी यायचं नाही.

रेघेच्या आत सर्वांत आधी विनेश आला. पांढरा कुडता, गळ्यात उपरणं, हातात प्लास्टिकची पिशवी.

"काका, हे घ्या. मुंबईहून आणलीय. यंदा देवीला जबरी बार झाला पाहिजे."

येसाजीनं पिशवी उघडून पाहिली. आतली पूड राखी होती आणि चमकत होती.

"ही फटाक्यातली."

"दारू ती दारू. उलट ही फास्ट हाय. आणि देवीचा बार हाय, माप डबल टाका."

देवाच्या बाराला दुप्पट माप, हे खूळ या पट्ट्यात जुनं आहे. नैवेद्याला तूप जास्त घालावं तशी दारू जास्त घालतात. पलीकडच्या वाडीत अशाच भक्तीनं एक नळी फाटली होती. भक्ताचा कान त्यानंतर सापडला नाही.

"बंदुकीची दारू ढकलते," येसाजी म्हणाला. "फटाक्याची फुटते. नळी माझ्या गालाशी असते, तुझ्या न्हाय."

बाजूला पाण्यानं भरलेली बादली होती. येसाजीनं पिशवी तिच्यात उपडी केली. पूड तरंगली, मग काळवंडून खाली बसली.

"अहो, पैसे मोजलेत मी."

"रेघेच्या भायेर हो."

सहाणेवर ढोल घुमू लागला. पालखी उठली. येसाजीनं आपल्या पितळी मापानं दारू मोजली, नळीत सोडली, बोळा घातला आणि गजानं ठासली. ठासताना त्यानं तोंड नळीच्या वर कधी आणलं नाही. शेवटी केप. केप नेहमी शेवटी. घोडा ओढला, चाप दाबला.

पहिला बार खाडीपार घुमला. बायकांनी देवीवर गुलाल उधळला. विनेशनं मोबाइल वर धरला होता, पण पलीकडच्या बाजूला. त्याच्या व्हिडिओत धूर तेवढा आला असेल.

नळी थंड होईतो येसाजी थांबला. मग फडकं फिरवून आत ठिणगी उरली नसल्याची खात्री केली आणि दुसरा बार भरला. दुसरी केप बसवली. चाप दाबला. घोडा पडला. खट्ट. पुढं काहीच नाही.

ढोलवाले थांबले. येसाजी हलला नाही. नळीचं तोंड खाडीकडे तसंच धरून तो मनात आकडे मोजू लागला.

"काय झालं?" सहाणेवरून कुणीतरी ओरडलं.

"झोप लागली काकांना," विनेश म्हणाला. पोरं हसली. "काका, बदला की केप. पालखी खांद्यावर हाय. खांदेकरी माणसं हायत, खांब न्हाईत."

"वजन तीन मण," येसाजी नळीवरची नजर न काढता म्हणाला. "आठ जण हायत. धरा."

खाणीत त्याच्याबरोबर रामचंद्र म्हणून एक होता. मेहनती, पण घाईचा. एकदा सुरुंग उडाला नाही. अर्धा तास थांबायचं, हा नियम. रामचंद्र दहा मिनिटं थांबला आणि पहार घेऊन बघायला गेला. त्याला उरलेली वीस मिनिटं वाचवायची होती. त्या वीस मिनिटांत तो काय करणार होता, हे कुणालाच माहीत नव्हतं. बहुधा विडी ओढणार होता. पुढं त्याला विडी बायको पेटवून देई, कारण त्याचे दोन्ही हात मनगटापासून गेले होते.

तीनशे झाल्यावर येसाजीनं घोडा हळूच मागं घेतला आणि मेलेली केप काढून बादलीत टाकली. मग तिसरी केप बसवली, म्हणजे शेवटची. तिचा बार नीट उडाला.

दोन झाले. डबी रिकामी.

आता सगळे रेघेपर्यंत आले. पालखी मागं खांद्यावर डुलत होती. कोंडाजी पुढं झाला.

"येसाजी, तिसरा?"

"केप न्हाय."

"न्हाय म्हणजे?"

"तीन होत्या. एक फुसकी निघाली."

विनेशनं खिशातून काडीपेटी काढली. "टेन्शन नको, काका. जुन्या केपेत काडीचा गुल भरतात. आमच्या मामाच्या गावात सगळे तसंच करतात. चालतंय."

"चालतंय," येसाजी म्हणाला. "कधी घोडा पडल्यावर, कधी बसवताना, कधी बोटात धरल्यावर. त्याच्या मर्जीनं चालतंय. तुझ्या मामाच्या गावात किती जणांना डावा डोळा हाय?"

कुणी हसलं नाही. कोंडाजी तंबाखू काढणार होता, पण हात गुलालानं भरलेले होते. त्यामुळे त्याला बोलावं लागलं.

"येसाजी, एकदाच कर. एकच बार. तुझा मान तुझ्याकडं राहील. मलाच वाईट वाटतं रे. तुझ्या बापाचे बार ऐकलेत मी."

येसाजीनं फडक्यानं नळी पुसली. त्याला बाप आठवला. बापाच्या वेळी केपा मुबलक होत्या, म्हणून बापावर ही वेळ आली नव्हती. आली असती तर बापानं काय केलं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःचं ठाऊक होतं.

"बार भर की निदान," विनेश म्हणाला.

"केप हातात नसताना बार भरून ठेवत न्हाईत. भरलेली बंदूक घरी न्यायची कशी? तुझ्या गाडीतून?"

"म्हणजे तुम्ही देणार न्हाय."

"न्हाय."

"सगळ्यांनी ऐकलं," विनेश गर्दीकडे वळला. त्याच्या आवाजात जी खुशी होती, ती त्याला झाकतासुद्धा आली नाही. झाकायलाही थोडे कष्ट लागतात. "नियम माघात झालाय. काकांनीच कबूल केलाय."

"केलाय," येसाजी म्हणाला. "मान घे. बंदूक मिळणार न्हाय. परवाना माझ्या नावावर हाय."

"बंदूक हवीय कुणाला?"

विनेशनं हात केला. त्याच्या पोरांनी दहा हजारी फटाक्यांची माळ आंब्याखाली अंथरली, पालखीपासून दहा पावलांवर, आणि पेटवली. माळ पाच मिनिटं तडतडली. आंब्याचा मोहोर करपला. एक बकरी दावं तोडून पळाली. पालखीच्या झालरीला एक ठिणगी लागली, ती कोंडाजीनं तळहातानं विझवली आणि हाताला फुंकर घालत तो म्हणाला, "झालं. देवीला पोचलं." पालखी पुढं गेली. पोरं धुरात उभी राहून आपापले मोबाइल बघत होती.

येसाजीनं बादली कातळाच्या खालच्या बाजूला ओतली, माप पुसलं, उरलेली दारू डब्यात घट्ट बंद केली आणि बंदूक खांद्यावर टाकून तो घरी आला. वाटेत त्याला कुणी हाक मारली नाही. त्यानंही कुणाकडे पाहिलं नाही. चार पिढ्यांत पहिल्यांदा एक धाडवे दोन बार देऊन परत येत होता, आणि वाटेतल्या प्रत्येक अंगणात ते माहीत झालं होतं.

आवडाबाई दारात उभी होती. तिनं दोनच मोजले होते.

"गेला?"

"गेला."

"काडी लावली असती तर?"

"तर कदाचित राहिला असता. कदाचित तू मला आता घास भरवत बसली असतीस."

आत जाऊन तिनं चुलीवर पाणी ठेवलं. बाराची काजळी लोखंड खाते. ती त्याच दिवशी कढत पाण्यानं धुवावी लागते, उद्यावर ढकलून चालत नाही. येसाजीनं पडवीत बसून चिंधी गजाला गुंडाळली. आवडाबाईनं पहिला तांब्या नळीत ओतला. खालून काळं पाणी आलं.

"पुढच्या वर्षी ही कुठं लागणार हाय? कुणासाठी घासताय एवढी?" तिनं विचारलं.

"डुकरांसाठी. ती वर्गणी मागत न्हाईत आणि व्हिडिओ काढत न्हाईत. ओत."

लांब, दुसऱ्या आवाडात, गावाच्या पलीकडच्या वस्तीत, पालखी पोचली असावी. तिथं आणखी एक माळ लागली. येसाजीनं मान वर केली नाही. तिसऱ्या तांब्याचं पाणी अजून राखाडी होतं. त्यानं चिंधी बदलली आणि चौथा तांब्या मागितला.