पुलाखालच्या साळवे बाई

रविवारी सकाळी कल्याणची एसटी मुरबाडच्या स्टँडला लागली की पाठीवर सॅक आणि गळ्यात कॅमेरे घेतलेली पोरं-पोरी भराभर खाली उतरत. त्यांना सिद्धगडाकडे जायचं असे. डोंगर, धबधबे, धुकं, मिळेल त्याचे फोटो काढायचे असत. ती उतरून होईपर्यंत दाराशी एक उंच बाई निवांत उभी असे. सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात डब्याची कापडी पिशवी. पिशवीत डब्याशेजारी नॅपकिनमध्ये गुंडाळलेला कॅमेरा. शेवटचा पोरगा उतरला की बाई त्याच गाडीत चढत आणि उलट्या दिशेने कल्याणला जात. उड्डाणपुलांचे फोटो काढायला.

या आमच्या साळवे बाई. मुरबाडच्या शाळेत त्या चित्रकला शिकवत आणि मी मराठी. मी राहायला कल्याणला, रोज जाऊन-येऊन करणारी. ज्या पुलावर अडकून माझा जीव मेटाकुटीला येई, त्याच पुलासाठी ही बाई सुट्टीच्या दिवशी एवढी दगदग करते हे कळलं, तेव्हा मी त्यांना सरळच विचारलं, "बाई, इथला डोंगर सोडून त्या सिमेंटमध्ये काय बघता?"

"डोंगर सगळेच बघतात गो," त्या म्हणाल्या. "खांबाला कोन बघतं?"

वर्गात बाईंचं बोलणं माझ्यापेक्षा शुद्ध असे. पण विषय पुलांचा निघाला की त्यांच्या जिभेवर माहेरची बोली येई. शहापूरकडे शेणव्याजवळच्या एका लहान गावात त्यांचं माहेर. तिथे थोरला भाऊ दिनकर आणि वहिनी भाताची शेती करत. आईवडील गेल्यावर बाईंना जवळचं असं तेवढंच घर उरलं होतं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, असं विचारणाऱ्याला त्या म्हणत, "टाइम नाय मिळाला," आणि पुढचा विषय काढत.

एका रविवारी त्यांनी मलाही बरोबर ओढलं. भिवंडीच्या बाजूला एका पुलाखाली नेऊन उभं केलं आणि म्हणाल्या, "डोळे मीट. आता सांग, कसं वाटतं?" डोक्यावरून ट्रक जात होते. पुलाच्या सांध्यावरून चाक गेलं की धडक-धडक असा आवाज होई आणि तो थेट पोटात उतरे. मी म्हटलं, "घरात वरच्या मजल्यावर कोणीतरी भांडतंय असं वाटतं." बाई एवढ्या खूष झाल्या की त्यांनी मला तिथल्याच गाडीवर वडापाव खाऊ घातला.

त्यांचं सगळं असंच चाले. पूल किती लांब आणि कोणी बांधला यात त्यांना काडीचा रस नव्हता. तो बघून कसं वाटतं, एवढंच त्या विचारत. एका बोगद्यासारख्या भुयारी रस्त्याबद्दल त्या म्हणत, "ह्याच्यात शिरताना नव्या नवरीसारखं होतं. पुढं काय हाय, ते कोनी सांगत नाय." जिथे एका पुलाचे दोन फाटे होतात, तिथे त्या हळहळत, "दोन भाऊ वेगळे निघाले बघ." आणि सळया बाहेर आलेल्या एका अर्धवट पुलासमोर उभ्या राहून एकदा मला म्हणाल्या, "ह्याला बघितलं की मला माझं एम.ए. आठवतं."

भिवंडीच्या त्या पुलाखाली एकदा एक वाहतूक हवालदार आमच्याकडे चालत आले. "मॅडम, पुलाचे फोटो कशाला काढताय?" आवाजात संशय होता. बाईंनी कॅमेरा खाली घेतला आणि उलट त्यांनाच विचारलं, "तुमी रोज इथं उभे राहता. कसं वाटतं हो?"

हवालदार गडबडले. त्यांनी एकदा वर बघितलं. "पावसात बरं वाटतं," ते म्हणाले. मग टोपी काढून, "घरी सुट्टीला असलो ना, की दुपारची झोप लागत नाही. हा आवाज नसतो."

बाईंनी त्यांचा फोटो काढला. खांबाला पाठ टेकलेले, टोपी हातात, डोळे वर. तो त्यांना लगेच मोबाइलवर पाठवूनही दिला. जाताना हवालदारांनी आम्हाला रस्ता ओलांडून देण्यासाठी दोन्हीकडची वाहनं थांबवली. बाई मधोमध अशा ऐटीत चालल्या, की मला मागे राहून हसू आवरेना.

त्यांच्या निवडक फोटोंचं एक लहानसं प्रदर्शन शहापूरच्या एका सभागृहात लागलं. आम्ही शिक्षक, काही विद्यार्थी, बाईंच्या गावची मंडळी, अशी बरीच गर्दी जमली. मधल्या भिंतीवर एका वळणदार उड्डाणपुलाचा फोटो होता. खाली बाईंनी नाव लिहिलं होतं, 'आईचा हात'. खरोखरच झोपलेल्या पोराला कवेत घ्यावं तसं ते वळण होतं.

दिनकरदादा त्या फोटोसमोर बराच वेळ उभे होते. त्यांच्या शेताच्या मधून नवा मोठा महामार्ग जाणार होता. खुणेचे दगड रोवून झाले होते. खांबांवरून जाणारा पूल होणार, असं गावाला सांगितलं होतं. बाईंना हे माहीत होतं, पण प्रदर्शनाच्या धांदलीत त्यांनी त्याची सांगड या फोटोशी घातली नव्हती.

"पमे," दादा म्हणाले, "पूल म्हनजे आईचा हात व्हय? मग तुझ्या घरावरून ने तो."

ते ओरडले नाहीत. चप्पल घालून बाहेर गेले आणि गावच्या जीपमध्ये बसले. चौदा एप्रिलला जयंतीसाठी बाई दरवर्षी माहेरी जात. त्या वर्षीही गेल्या. विहारात दादा त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते, पण एक शब्द बोलले नाहीत. वहिनींनी जेवायला वाढलं. दादा ताट घेऊन ओट्यावर गेले.

त्यानंतर बाईंचे रविवार बंद पडले. कॅमेरा कपाटात गेला. स्टाफरूममध्ये कोणी चेष्टेने विचारलं, "काय बाई, पूल संपले वाटतं?" तर त्या नुसत्या वह्या तपासत राहत. मला एकदा म्हणाल्या, "मी लोकांच्या पुलाखाली उभी राहून मजा बघत होते. तिथंही कोनाचं तरी शेत असंल की, आधी."

दोन-तीन वर्षांत पूल बांधून झाला. वर गाड्या धावू लागल्या. पुढच्या दिवाळीच्या आधी वहिनींचा फोन आला, "ताई, भात कापायला आलाय. या एकदा. हे काय तोंडानं बोलावनार नायत." बाई एकट्या जायला कचरत होत्या, म्हणून मी माझी गाडी काढली.

शेतात पोचलो आणि दोघीही बांधावर थबकलो. दोन्हीकडे भात पिवळाधमक झाला होता, आणि मधून एक हिरवा पट्टा गेला होता. पुलाची सावली पडते तेवढाच भात मागे राहिला होता, अजून कच्चा. जणू कोणी पूल जमिनीवर गिरवून ठेवला होता.

दादा विळा घेऊन उभे होते. बाईंनी कॅमेरा आणला होता, पण पिशवीतून काढला नव्हता.

"काढ की," दादाच म्हणाले. कितीतरी वर्षांनी ते बहिणीशी बोलत होते. "एवढे लांबलांबचे काढलेस. घरचा राहिला."

"हा मला जमनार नाय, दादा."

"का नाय जमनार?"

"कसं वाटतं, तेच कळत नाय."

दादांनी विळा बांधावर टेकवला. ते त्या हिरव्या पट्ट्यात जाऊन उभे राहिले, खांबाला तळहात लावला. "दुपारचं इथं बसून जेवतो मी," ते म्हणाले. "सावली चांगली हाय. राग येतो, पन सावली चांगली हाय." बाईंनी तेव्हा फोटो काढला. फक्त एक.

जेवताना मी दादांना विचारलं, "वरून शेत कसं दिसतं हो?" ते हसले. "मला काय म्हाईत? माझी फटफटी त्या रस्त्यावर चालत नाय. ट्रॅक्टर चालत नाय. बैल तर नायच नाय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी गाडीची किल्ली उचलली.

वहिनींना शेतात राहायला सांगून आम्ही तिघं निघालो. महामार्गावर चढायला बरंच लांब जावं लागलं. पुलावर गाडी थांबवायची परवानगी नव्हती आणि मी काही सराईत नव्हे. दादा पुढच्या सीटवर ताठ बसले होते.

"आलं का?" त्यांनी विचारलं.

"गेलं, दादा," मागून बाई म्हणाल्या.

"काय गेलं?"

"तुझं शेत."

मागे वळायला पुन्हा पुढच्या फाट्यापर्यंत जाणं आलं. बाईंनी वहिनींना फोन केला आणि सांगितलं की जेवताना अंथरलेली लाल चादर घेऊन बांधावर उभी राहा, हलवत राहा. परतताना मी जमेल तेवढी सावकाश चालवली. मागचे हॉर्न वाजवत होते. दादा काचेला नाक लावून बसले होते.

"दिसली," ते म्हणाले. मग शेत मागे पडल्यावर, "केवढंसं हाय गो पमे. जन्मभर राबलो तिथं, आन वरून त्या चादरीएवढं." मला वाटलं, आपण हे करायला नको होतं. तेवढ्यात त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. "उलटीकडं तोंड करून हलवीत होती ती चादर. कोनाला दाखवीत होती, देव जाने."

बाईही हसायला लागल्या, डोळे पुसत.

"फोटो काढलास ना?" दादांनी विचारलं.

"नाय रे. तुझ्याकडंच बघत होते."

दादांनी मान वळवून बहिणीकडे बघितलं, मग सीटवर नीट सावरून बसले. "मॅडम," ते मला म्हणाले, "पुन्हा फिरवा गाडी."