न वाचता केलेली सही

नगरच्या एस.टी. स्टँडवर निरोप देताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ना डोळे पुसले, ना डोक्यावर हात ठेवला. तहसील कचेरीत जन्म गेलेला माणूस. म्हणाले, "कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही." मी शहाण्या मुलासारखी मान हलवली.

जर्मनीतल्या येना शहरात संशोधनाला आलो; तिथे तो शहाणपणा तीन आठवडे टिकला. भाड्याच्या खोलीची मुदत वाढवायला गेलो, तर ऑफिसातल्या बाईंनी एक फॉर्म पुढे सरकवला. समोरच्याला ताटकळत ठेवून कागद वाचत बसणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, हे आपलं वळण. शिवाय जर्मन वाचता येत होतं कुठे? "या, गेनाऊ", म्हणजे 'हो, अगदी बरोबर', म्हणत लफ्फेदार सही ठोकली आणि त्या आनंदात लॅबमध्ये केकसुद्धा वाटला.

लॅबमधल्या हाँगकाँगच्या वोंगनं केक खाता खाता फॉर्म वाचला. "महिनाअखेरीला खोली सोडतो, असं लिहून दिलंयस तू."

माझ्या बायकोचं, मंजिरीचं, तिकीट नेमकं एक तारखेचं. तिला उतरवणार कुठे?

मी ओशाळून हसलो. वोंग हसला नाही. त्याच्या लहानपणी तिथे इंग्रजांचं राज्य. सरकारी कागद इंग्रजीत यायचा आणि आई तो घेऊन दारोदार फिरायची, काय लिहिलंय विचारत. चौऱ्याहत्तर साली त्या सरकारनं चिनीला इंग्रजीच्या बरोबरीनं राजभाषेचा दर्जा दिला. पुढे आईला चिनीतलं पहिलं सरकारी पत्र आलं. तिनं ते उभ्या उभ्या, मोठ्यांदा वाचलं. झोपडी पाडायची नोटीस होती.

"रडली खूप," वोंग म्हणाला. "पण म्हणाली, या खेपेला कुणाला विचारावं लागलं नाही."

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर आला, बाईंशी तासभर बोलला आणि फॉर्म रद्द करवला. त्या रविवारी अण्णांनी फोनवर विचारलं, "वाचून करतोस ना सही?" मी "हो" म्हटलं.

याला आठ वर्षं झाली. आता जर्मन पत्रं मी स्वतः वाचतो; चुकासुद्धा कुणाच्या मदतीशिवाय करतो. परवा अण्णांचं पत्र आलं. माझ्या सात वर्षांच्या लेकीला, ईराला, मराठी समजतं पण वाचता येत नाही; बोलते ती जर्मन. पत्र उलटंसुलटं करत तिनं विचारलं, "वास श्टेट दा?" काय लिहिलंय त्यात?

मी वाचून दाखवलं. परसातल्या लिंबाला फळ धरलंय, आत्या येऊन गेली, ईराला आशीर्वाद. 'डोळे जवळपास गेलेत, माझ्या हातचं हे शेवटचंच समज,' ही ओळ तेवढी गाळली.

ईरानं मान हलवली, स्टँडवर मी हलवली होती तशीच.

माझ्यापुरतं घर आता एवढंच: जिथली वाईट बातमी मला कुणाला न विचारता वाचता येते. ईराचं मराठीतलं घर माझ्या वाचून दाखवण्यावर उभं आहे, आणि मी ओळी गाळतो.